लसिकापेशी त्वचेला धरून का राहते : एका पांढऱ्या स्पिट्झपासून सुरू झालेले काम

पुण्यात माझा स्वतःचा दवाखाना होता, त्या काळात अकरा वर्षांचा एक पांढरा स्पिट्झ कुत्रा माझ्याकडे आला. घरातले सगळे त्याला पॉमेरियनच म्हणत. त्याला घेऊन आलेल्या निवृत्त काकांनी हातातली सतरंजी टेबलाखाली झटकून दाखवली आणि म्हणाले, “हे बघा डॉक्टर, गिरणीतून आल्यासारखं पीठ पडतं याच्या अंगातून. चार महिने झाले. सगळे म्हणतात अॅलर्जी आहे.” कुत्र्याची पाठ आणि कुशी लालसर होत्या, केस विरळ झाले होते आणि बोटाने केस मागे सारले की कोंड्याचे पापुद्रे सुटून येत होते.

पहिले पाच आठवडे मीही इतरांनी केले होते तेच केले, आणि ते मला अजून लागून राहिले आहे. त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, खरजेचे किडे सापडले नाहीत. टेपने घेतलेल्या नमुन्यात मॅलासेझिया यीस्ट भरपूर दिसले, म्हणून औषधी शाम्पू आणि बुरशीविरोधी गोळ्या सुरू केल्या. खाज कमी व्हावी म्हणून प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दिले. आठवड्याभरात लाली ओसरली, काका खूश झाले आणि मीही निर्धास्त झाले. यीस्ट मुळातल्या रोगामुळे बिघडलेल्या त्वचेवर वाढले होते आणि स्टेरॉइडमुळे तो मूळचा रोगच तात्पुरता झाकला गेला होता, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही. सहाव्या आठवड्यात काकांनी त्याचे तोंड माझ्याकडे वळवले. काळ्याभोर नाकाच्या कडेला आणि ओठाच्या किनारीला गुलाबी डाग पडले होते आणि एका डागाच्या मधोमध छोटी जखम झाली होती. वयस्कर कुत्रा, सतत पडणारा कोंडा आणि ओठ-नाकाच्या कडेचा उडत चाललेला रंग या तीन गोष्टी एकत्र आल्या की बायोप्सीला एक दिवसही उशीर करू नये, हे मी पुस्तकात वाचलेले होते, पण समोर पाहिले ते त्या दिवशी.

स्टेरॉइडमुळे ऊतकातले चित्र बदलते, त्यामुळे ते हळूहळू बंद करून तीन आठवडे थांबावे लागले. मग सहा मिलिमीटरच्या पंचने चार ठिकाणचे नमुने घेतले. नमुना घेण्यापूर्वी त्वचा घासून स्वच्छ करण्याचा मोह कटाक्षाने टाळला, कारण या रोगात सगळा पुरावा सर्वांत वरच्या थरात असतो आणि एका बोळ्याच्या घासण्याने तो पुसला जाऊ शकतो. दहा दिवसांनी अहवाल आला : त्वचेचा एपिथेलिओट्रॉपिक टी पेशी लिम्फोमा, म्हणजे टी पेशी या जातीच्या लसिकापेशींचा, त्वचेच्या वरच्या थरात शिरणारा कर्करोग.

विकृतिशास्त्राच्या ज्या सरांनी हा अहवाल दिला होता, त्यांनी मला दोन डोळ्यांच्या जोडीचा सूक्ष्मदर्शक लावून काचपट्ट्या दाखवल्या. कुत्र्याच्या केसाळ भागातली बाह्यत्वचा फार पातळ असते, जिवंत पेशींचे जेमतेम तीन-चार थर. त्या चिंचोळ्या पट्टीत गर्द जांभळ्या केंद्रकाच्या गोल पेशी दाटीवाटीने शिरल्या होत्या, कुठे एकेकट्या, तर कुठे पोत्रिए यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पुंजक्यांत. सर म्हणाले, “फक्त वरचा थर बघू नका. केसाच्या मुळाकडे चला. कुत्र्यात या पेशी केसाच्या मुळाच्या भिंतीत आणि घामाच्या ग्रंथीत अशाच घुसतात.” मी काचपट्टी सरकवली आणि खरोखरच घर्मग्रंथीच्या अस्तरात तीच दाटी दिसली. खालच्या अंतस्त्वचेत रक्तवाहिन्या आहेत, मोकळी जागा आहे, तंतूंची जाळी आहे. तिथे पेशी तुलनेने विरळ होत्या. बाह्यत्वचेत रक्तवाहिनी नसते, आणि तरीही या पेशी नेमक्या तिथेच जाऊन राहत होत्या. लसिकापेशी, म्हणजे एक प्रकारची पांढरी रक्तपेशी, ही फिरती पेशी आहे. ती रक्तातून ऊतकात जाते, तपासणी करते आणि लसिकेतून परतते. मग ही का परतत नव्हती? तिला कोण धरून ठेवत होते, आणि कशाने?

त्या स्पिट्झला आम्ही दर तीन आठवड्यांनी लोमस्टिन हे कर्करोगाचे औषध दिले, सातव्या दिवशी पांढऱ्या पेशी मोजल्या, यकृताच्या चाचण्या केल्या. तो पाच महिने जगला, आणि त्यातले सुरुवातीचे तीन महिने बऱ्यापैकी सुखाचे गेले. तो प्रश्न मात्र माझ्यापाशी राहिला. पुढच्या वर्षी दवाखाना मैत्रिणीच्या हाती सोपवून मी कॅलिफोर्नियातल्या एका पशुवैद्यकीय प्रयोगशाळेत संशोधनासाठी गेले. कॅलिफोर्नियात जाण्याला कारण होते. कुत्र्याच्या पांढऱ्या पेशींवरचे रेणू ओळखणारे प्रतिपिंड, म्हणजे ठरावीक रेणूलाच चिकटणारी प्रथिने, तयार करण्याचे मोठे काम तिथे, डेव्हिसला, पीटर मूर यांनी केले होते. माणसासाठी केलेला प्रतिपिंड कुत्र्याच्या पेशीवर बहुतेक वेळा चिकटतच नाही, त्यामुळे असे खास प्रतिपिंड हाती नसतील तर या विषयात एक पाऊलही टाकता येत नाही. मूर, थिएरी ऑलिव्हरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये दाखवले होते की कुत्र्याच्या या लिम्फोमातल्या पेशी प्रामुख्याने सीडी८ जातीच्या, म्हणजे पृष्ठभागावर सीडी८ हा रेणू असलेल्या, असतात. माणसाच्या मायकोसिस फंगॉइडिस या भावंड रोगात त्या सहसा सीडी४ असतात. शिवाय कुत्र्यात या पेशींवरचा टी पेशी ग्राहक (परके रेणू ओळखणारा पृष्ठभागावरचा रेणू) पुष्कळदा गॅमा-डेल्टा प्रकारचा आढळतो. रोगाचे नाव एक असले तरी पेशी वेगळ्या आहेत, ही जाणीव मनात ठेवूनच माणसावरचे संशोधन कुत्र्याकडे आणावे लागते.

ज्या पकडीचा मी अभ्यास करणार होते, तिची मांडणी थोडक्यात सांगते. लसिकापेशीच्या पृष्ठभागावर एलएफए-१ नावाचा रेणू असतो. तो सीडी११ए आणि सीडी१८ या दोन साखळ्यांचा बनलेला असतो. पेशी शांत असताना तो वाकून, मिटून बसलेला असतो. पेशीला आतून इशारा मिळाला की तो ताठ होतो आणि पकडायला तयार होतो. त्याने पकडायचा रेणू म्हणजे आयकॅम-१. निरोगी केराटिनोसाइटवर, म्हणजे बाह्यत्वचेच्या मुख्य पेशीवर, आयकॅम-१ जवळपास नसतो. १९८८ मध्ये मायकेल डस्टिन, टिमोथी स्प्रिंगर आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या केराटिनोसाइटवर गॅमा इंटरफेरॉन हा संदेशक टाकून दाखवले की त्यानंतर आयकॅम-१ पृष्ठभागावर येतो आणि टी पेशी तिथे घट्ट चिकटू लागतात. हा गॅमा इंटरफेरॉन बनवतात कोण, तर टी पेशीच. म्हणजे टी पेशी येते, इंटरफेरॉन सोडते, त्वचेची पेशी त्याला प्रतिसाद म्हणून आयकॅम-१ बाहेर काढते आणि त्याच रेणूला धरून टी पेशी तिथे राहते. हे वाचले त्या रात्री मला झोप लागली नव्हती. तोवर मी त्या कुत्र्याच्या त्वचेला केवळ आक्रमण सोसणारी मानत होते. या पकडीत तिचाही हात असू शकतो, हा विचार माझ्यासाठी नवा होता.

कुत्र्यात सीडी१८ खरोखर किती महत्त्वाचा आहे, याचा निसर्गाने दिलेला पुरावा आयरिश सेटर जातीत आहे. त्या जातीच्या काही पिल्लांना जन्मतः कार्यक्षम सीडी१८ नसतो. त्यांच्या रक्तात पांढऱ्या पेशी उदंड असतात, पण त्या वाहिनीच्या भिंतीला धरू शकत नाहीत, म्हणून जखमेपर्यंत पोहोचत नाहीत आणि पिल्ले वारंवारच्या जंतुसंसर्गाने जातात. यामागे सीडी१८च्या जनुकातला एकच बदल आहे, हे १९९९ मध्ये स्पष्ट झाले.

काम सुरू झाले ते गोठवण्यापासून, आणि पहिला महिना त्यातच गेला. सीडी११ए, सीडी४, सीडी८ यांसारखे कुत्र्याचे रेणू फॉर्मालिनमध्ये ठेवलेल्या ऊतकात ओळखू येईनासे होतात, म्हणून नमुना ताजा असतानाच गोठवावा लागतो. निदानासाठी घेतलेल्या बायोप्सीचा उरलेला अर्धा भाग मालकांच्या लेखी संमतीने आमच्याकडे येई. पहिला नमुना मी थेट द्रव नायट्रोजनमध्ये सोडला. उणे १९६ अंश इतके थंड द्रव्य, याहून झटपट काय गोठणार, असे मला वाटले. प्रत्यक्षात नमुन्याभोवती नायट्रोजनच्या वाफेचे कवच तयार होते, ते उष्णता अडवते आणि गोठणे मंदावते. मंद गोठण्यात पाण्याचे मोठे स्फटिक बनतात आणि पेशी फाडतात. छेद पाहिला तेव्हा बाह्यत्वचा चाळणीसारखी दिसत होती. वाईट म्हणजे ती भोके पेशींमध्ये पाणी साठल्यावर दिसणाऱ्या सुजेसारखी होती, आणि मी दोन दिवस तीच नोंद वहीत करत राहिले. प्रयोगशाळेतल्या अनुभवी तंत्रज्ञ बाईंनी ते पाहिले आणि शांतपणे मला आयसोपेंटेनचे भांडे दिले. आयसोपेंटेन द्रव नायट्रोजनच्या भांड्यात धरून इतके थंड करायचे की तळाशी पांढरा थर धरू लागेल, आणि मग जेलीसारख्या माध्यमात बसवलेला नमुना त्यात बुडवायचा. आयसोपेंटेन लगेच उकळत नाही, म्हणून वाफेचे कवच होत नाही. तिथून पुढे छेद स्वच्छ आले.

क्रायोस्टॅट, म्हणजे गोठवलेला नमुना कापायचे यंत्र, उणे २२ अंशांवर ठेवून सहा मायक्रॉन जाडीचे छेद घ्यायचे, काचपट्टीवर उचलायचे, वाळवायचे, थंड अॅसिटोनमध्ये दहा मिनिटे ठेवायचे. कुत्र्याच्या त्वचेतले केस आणि वरचा कोरडा थर पात्याला अडतात आणि छेद मध्येच चिरतो. केसांची दिशा पात्याला समांतर ठेवली तर नुकसान कमी होते, हे मला तीसेक काचपट्ट्या वाया गेल्यावर उमगले.

दुसरी अडचण रंगाची होती. प्रतिपिंड जिथे बसला तिथे रंग उमटावा म्हणून जे रसायन सर्रास वापरतात, त्याचा रंग तपकिरी येतो. आमच्या पहिल्या काही नमुन्यांतला एक काळ्या लॅब्राडोरचा होता. आयकॅम-१ साठी रंगवलेल्या त्याच्या छेदात बाह्यत्वचेचा तळथर सलग तपकिरी दिसला आणि मला वाटले, हाच पुरावा. मग नियमाप्रमाणे सोबत ठेवलेली, आयकॅम-१ न ओळखणारा प्रतिपिंड लावलेली काचपट्टी पाहिली. तीही तितकीच तपकिरी होती. ते मेलानिन होते, त्या कुत्र्याचा मूळचा रंग. त्यानंतर आम्ही लाल रंग देणारे एईसी हे रसायन वापरू लागलो आणि प्रत्येक नमुन्याचा एक छेद काहीही न रंगवता ठेवू लागलो. कुत्र्याच्या त्वचेवर हे तंत्र नव्याने शिकणाऱ्याला मी एकच गोष्ट सांगेन : रंगहीन काचपट्टी आधी बघा.

लाल रंगात पहिला नीट छेद हाती आला, तो एका सोनेरी रिट्रीव्हरच्या ओठाचा. डावीकडची बाह्यत्वचा निळसर, स्वच्छ होती. तिच्यात लसिकापेशी नव्हत्या आणि लाल रंगही नव्हता. उजवीकडे जाताना एका रोमकूपाच्या तोंडाशी केराटिनोसाइटच्या कडा एकाएकी लाल होऊ लागल्या, जणू फरशीच्या सांध्यांत कुंकू भरले असावे, आणि त्या लाल जाळीच्या आत गोल केंद्रके बसलेली होती. लाल पट्टा लसिकापेशींच्या पुंजक्याच्या थोडा पुढेपर्यंत जाऊन विरला. शेजारचाच छेद सीडी११ए साठी रंगवला होता. त्यात त्याच जागी लसिकापेशींच्या कडा लाल होत्या. दोन काचपट्ट्या आळीपाळीने पाहताना एकमेकांसमोर आलेले दोन्ही रेणू दिसत होते. सगळ्याच नमुन्यांत चित्र इतके नेटके नव्हते. जुन्या, गाठी झालेल्या जखमांच्या काही भागांत लसिकापेशी भरपूर आणि आयकॅम-१ क्षीण, असेही दिसले. म्हणून या एका जोडीने सगळा रोग उलगडतो असे म्हणायला मी तेव्हाही तयार नव्हते.

शेजारी असणे म्हणजे धरणे नव्हे. धरणे सिद्ध करायचे तर जिवंत पेशी त्वचेवर सोडून त्या चिकटतात का, हे पाहायला हवे. यासाठी आम्ही आधार घेतला तो स्टॅम्पर आणि वुड्रफ यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीचा. त्यांनी उंदरांच्या लसिकाग्रंथीच्या गोठवलेल्या छेदांवर लसिकापेशी सोडून त्या कोणत्या वाहिन्यांना चिकटतात हे पाहिले होते. निरोगी कुत्र्याच्या रक्तातून मी लसिकापेशी वेगळ्या केल्या, त्यांना उत्तेजित केले, त्वचेच्या छेदावर द्रवाचा थेंब पसरून काचपट्टी हळू हलवत ठेवली, मग न चिकटलेल्या पेशी अलगद ओघळू दिल्या आणि उरलेल्या जागच्या जागी स्थिर केल्या. पहिल्या आठवड्यात एकही काचपट्टी नीट वठली नाही. बाह्यत्वचा रिकामी होती. मूळ पद्धतीप्रमाणे मी सगळे थंडीत, सात अंशांवर करत होते. वाहिन्यांच्या भिंतीवरची पकड वेगळ्या रेणूंची होती आणि ती थंडीत टिकते. एलएफए-१ ला मात्र पेशीची आतली यंत्रणा चालू असावी लागते, आणि ती थंडीत जवळपास झोपलेली असते. काचपट्ट्या ३७ अंशांवर नेल्या आणि या पकडीला लागणारे मॅग्नेशियम माध्यमात पुरेसे ठेवले, तेव्हा पेशी बसू लागल्या. त्यातही त्या आयकॅम-१ असलेल्या पट्ट्यावर दाट आणि स्वच्छ बाह्यत्वचेवर तुरळक बसल्या.

आता खरी परीक्षा होती. एका काचपट्टीवर ईडीटीए टाकले, ते मॅग्नेशियम आणि कॅल्शियम दोन्ही बांधून घेते. तिथे जवळपास काहीच चिकटले नाही. दुसऱ्या काचपट्टीसाठी लसिकापेशींना आधी सीडी१८ विरोधी प्रतिपिंडात भिजवले, आणि चिकटणे ठळकपणे घटले. तिसऱ्यासाठी सीडी१८ शी संबंध नसलेला प्रतिपिंड वापरला, तिथे फरक पडला नाही. मोजणी मीच करत असे, पण कोणती काचपट्टी कशाची हे शेजारच्या सहकाऱ्याने कागद चिकटवून झाकलेले असे. ज्याला उत्तर हवे आहे त्याने उघड्या डोळ्यांनी मोजू नये, ही शिस्त त्या प्रयोगशाळेने मला लावली आणि तिच्याबद्दल मी कृतज्ञ आहे.

चिकटणे घटले, पण संपले नाही. ही उरलेली पकड मला सर्वांत जास्त गुंतवून ठेवणारी होती. १९९४ मध्ये मायकेल ब्रेनर यांच्या गटाने दाखवले होते की काही टी पेशींवर सीडी१०३ असलेला एक रेणू असतो आणि तो ई-कॅडहेरिनला धरतो. ई-कॅडहेरिन म्हणजे केराटिनोसाइट ज्याने आपल्या शेजारच्या केराटिनोसाइटला धरून ठेवते तो रेणू. त्वचा अखंड राहते ती अशा सांध्यांवर, आणि आत शिरलेली टी पेशी त्याच सांध्याच्या रेणूला धरू शकते. टीजीएफ-बीटा हा त्वचेत असणारा संदेशक टी पेशीवर सीडी१०३ वाढवतो, म्हणजे इथेही त्वचाच पाहुण्याला राहण्याची सोय करून देते. आतड्याच्या अस्तरातल्या निरोगी टी पेशी याच मार्गाने आयुष्यभर तिथे राहतात. लिम्फोमाच्या पेशीने नवे असे काहीच शोधलेले नाही. शरीराने राखणदारांसाठी केलेली व्यवस्था ती वापरते.

या पद्धतीची मर्यादाही सांगायला हवी. गोठवलेल्या छेदातला केराटिनोसाइट मेलेला असतो. तो आयकॅम-१ दाखवतो, पण लसिकापेशीच्या इशाऱ्याला उत्तर देत नाही. म्हणून दुसऱ्या वर्षी मी कुत्र्याचे जिवंत केराटिनोसाइट ताटलीत वाढवले आणि कुत्र्याचाच गॅमा इंटरफेरॉन टाकला. हे रेणू प्रजातीबाबत फार काटेकोर असतात. इंटरफेरॉननंतरच्या थरावर लसिकापेशी टाकून धुतले की त्या राहत, इंटरफेरॉन न दिलेल्या थरावरून वाहून जात. डस्टिन-स्प्रिंगर यांनी माणसाच्या पेशींवर पाहिलेली गोष्ट कुत्र्याच्या पेशींवर माझ्या हाताखाली घडत होती, आणि त्या संध्याकाळी मला त्या स्पिट्झची फार आठवण आली.

मग ही पकड औषधाने सोडवावी का? माणसांत हा प्रयत्न झाला आहे. एफालिझुमॅब हा सीडी११ए रोखणारा प्रतिपिंड २००३ मध्ये सोरायसिससाठी अमेरिकेत मंजूर झाला. त्याने त्वचा सुधारत असे. पण काही रुग्णांत मेंदूचा जीवघेणा विषाणूसंसर्ग उद्भवला आणि २००९ मध्ये औषध मागे घेण्यात आले. ज्या पकडीने रोगट पेशी त्वचेत राहते, तिच्याच आधाराने राखणदार पेशी मेंदूपर्यंत पोहोचतात. आयरिश सेटरची पिल्लेही हेच सांगत होती.

पुण्याला परतून आता मला सहा वर्षे झाली. वयस्कर कुत्र्याच्या अंगातून सतत कोंडा पडत असेल, तर मी त्याला स्टेरॉइड सुरू करण्याआधी बायोप्सी घेते. ओठाची कड पहिल्याच दिवशी उलटून बघते. आणि मालक तयार असतील तर एक नमुना फॉर्मालिनमध्ये आणि दुसरा गोठवून ठेवते. गोठवण्यासाठी द्रव नायट्रोजन मला गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनाच्या केंद्रातून मिळतो. पहिल्यांदा छोटे कंटेनर घेऊन गेले तेव्हा तिथल्या दादांनी भरता भरता विचारले, “मॅडम, कोणत्या गाईसाठी?” मी सांगितले, कुत्र्याच्या कातडीच्या तुकड्यासाठी. त्यांनी झाकण लावले, कंटेनर माझ्या गाडीत पायापाशी नीट उभे केले आणि म्हणाले, “खिडकी थोडी उघडी ठेवा, वाफ साठते.” आयसोपेंटेनची बाटली मागच्या सीटवर, थर्माकोलच्या खोक्यात होती.